वाजतोय तो क्राऊनच असेल असं नाही

जुन्या फोर बाय फोर पिकअपमधून घूं-घूं आवाज यायला लागला की त्र्यंबकेश्वर तालुक्यात, आणि नाशिकच्या कितीतरी गॅरेजांतही, निदान आधीच ठरलेलं असतं : "क्राऊन गेला," म्हणजे मागच्या एक्सेलच्या हौसिंगमधलं मोठं दातेरी चाक गेलं. गाडी जॅकवर घेतलेली नसते, तेल बघितलेलं नसतं, कधीकधी तर गाडी चालवूनही बघितलेली नसते. मग हौसिंग उघडतं, नवा क्राऊन-पिनियन बसतो, मालकाचे हंगामातले पैसे जातात आणि तोरंगण घाटात तोच आवाज पुन्हा सुरू होतो. हे इतक्यांदा ऐकलं आहे की आता शांतपणे ऐकून घेणं जड जातं.

इकडे हा प्रश्न किरकोळ नाही. हरसूल, पहिने, आंबोली, वैतरणा या बाजूच्या पाड्यांवरून भात, नागली, टोमॅटो पावसाळ्यात बाहेर काढायचा तर चारही चाकांना ओढ असलेली गाडी लागते. जुन्या बोलेरो कॅम्पर, बोलेरो पिकअप, स्कॉर्पिओ गेटअवे आणि त्यांच्याही आधीच्या जीपा अजून रोज राबतात. महिंद्राचा कारखाना त्र्यंबक रोडवर सातपूरला, इंजिनांचा इगतपुरीला. म्हणजे सुटे भाग आणि कारागीर हाताशी आहेत. कमी पडते ती तपासणी.

गैरसमजाचं मूळ साधं आहे. आवाज मागून येतो, मागे क्राऊन असतो, म्हणून आवाज क्राऊनचा. पण या गाड्यांची चासी म्हणजे पुढून मागपर्यंत गेलेले दोन लांब पोलादी गज. पुढच्या हबचा आवाज त्यातून सरकत केबिनच्या पाठीमागे ऐकू येतो. मागचा हौदा रिकामा असेल तर तो आणखी घुमतो. नुसत्या कानाने जागा सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो, मग तो कितीही जुना कारागीर असो.

क्राऊन-पिनियनचा आवाज ओळखायची खूण जागा नाही, भार आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी 50-60 वर न्या. एकदा ॲक्सिलरेटर देऊन ओढ द्या, मग पाय पूर्ण काढा, मग वेग ना वाढेल ना घटेल एवढाच पाय टेकवून ठेवा. दात झिजले असतील किंवा त्यांची बैठक चुकली असेल तर या तीन अवस्थांत सूर बदलतो : ओढताना रडतो आणि सोडल्यावर थांबतो, किंवा याच्या उलट होतं. ओढताना दातांची एक बाजू भार घेते आणि पाय काढला की दुसरी, म्हणून असं होतं. तिन्ही अवस्थांत आवाज एकसारखाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर वाढला, तर क्राऊनवरचा संशय बाजूला ठेवा आणि चाकांकडे वळा.

चाकांकडे म्हणजे आधी टायरकडे. मड टायरचे जाड ठोकळे किंवा खालीवर झिजलेली नक्षी हुबेहूब क्राऊनसारखी घरघर करते. रस्ता डांबरी होता तो काँक्रीटचा झाला आणि आवाज बदलला, तर गुन्हेगार टायर आहे, कारण हौसिंगच्या आतल्या दातांना बाहेर डांबर आहे की काँक्रीट हे कळत नाही. खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाका. आवाजाची जागा हलली की निकाल लागला. एवढं साधं काम न करता लोक हौसिंग उघडायला होकार देतात, याचं फार वाईट वाटतं.

टायर नसेल तर हबचं बेअरिंग. रुंद रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, स्टिअरिंग अलगद डावीकडे-उजवीकडे करा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवं बेअरिंग धरायचं. मग ते चाक जॅकवर घ्या, खाली घोडी लावा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी त्या हाताला लागते.

टकटक किंवा किरकिर असेल तर मोजणी कामी येते. 15 इंची रिमवरच्या 215/75 टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 8 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला जवळपास तेवढीच पुढे जाते, म्हणजे चाकाचा सेकंदाला एक फेरा. मागचा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चार ते पाच पट फिरतो. या वेगाला आवाज सेकंदाला एकदा येत असेल तर दोष चाक, ब्रेक ड्रम किंवा एक्सेलकडे. चार-पाचदा येत असेल तर शाफ्ट, त्याचे जॉइंट क्रॉस किंवा पिनियनकडे. स्पीडोमीटर आणि घड्याळ एवढंच लागतं.

क्रॉसकडे तर डोळ्यांनीही पाहता येतं. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजूंची टोकं धरा आणि एकमेकांविरुद्ध पिळा. जराही टक् झालं तर क्रॉस संपला. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली तर आत ग्रीस उरलेलं नाही, बेअरिंगच्या सुया गंजून कुटल्या जात आहेत. हरसूलच्या पाण्यातून रोज जाणाऱ्या गाडीत हे हमखास सापडतं. गिअर टाकून क्लच सोडताना येणारा "टाण्" बहुतेकदा इथलाच किंवा पाट्यांच्या सैल यू-बोल्टचा असतो. मागचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंगही हलवून बघा. या सगळ्या भागांचा खर्च नव्या क्राऊन-पिनियनपुढे काहीच नाही.

दुसरा हट्टी गैरसमज असा, की घाटात पकड राहावी म्हणून फोर बाय फोर टाकूनच ठेवावी. चिखलात, ओल्या उतारावर जरूर टाका. कोरड्या डांबरावर नाही. या जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. आता 3 मीटर व्हीलबेसच्या गाडीचा मागचा एक्सेल 5 मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरतोय असं धरा. पायथागोरसच्या हिशेबाने पुढच्या एक्सेलची त्रिज्या 5.8 मीटर येते. पूर्ण फेऱ्यात पुढचा एक्सेल सुमारे 36.6 मीटर जातो, मागचा 31.4 मीटर. हा 5 मीटरचा फरक कुठेतरी निघायलाच हवा. चिखलात टायर घसरून तो निघतो. कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये आणि दातांमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि मग अचानक "टाण्" होऊन तो सुटतो. तो आवाज ऐकून पुन्हा क्राऊनवर खापर फुटतं. अशा गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हील वापरू नका असं स्पष्ट बजावलेलं असतं. पुढे नवे आणि मागे गोटा टायर असले तर फोर व्हीलमध्ये हाच ताण सरळ रस्त्यावरही येतो.

बाकीचे समज थोडक्यात. टू-व्हीलमध्ये गाडीचा पुढचा भाग फिरतच नाही, हे खोटं. हब मोकळे होत नसतील तर पुढचा एक्सेल, क्राऊन आणि शाफ्ट फिरतच राहतात आणि वाजतातही. ट्रान्सफर केसच्या लोमध्ये गाडी रडते म्हणजे बिघडली, हेही नाही. लोमध्ये वेग साधारण अडीच पट कमी करणारे जादा गिअर कामाला लागतात, थोडा आवाज होणारच. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर गिअरबॉक्सआधी रिलीज बेअरिंग बघा. न्यूट्रलमध्ये असलेला आवाज क्लच दाबल्यावर बंद झाला तर मात्र गिअरबॉक्सच्या इनपुटकडे.

आणि "140 नंबरचं तेल टाका, आवाज बसतो." आवाज दबतो, झीज चालूच राहते आणि थंडीत घट्ट तेल दातांवर वेळेत पोचत नाही. तेलाचा नुसता नंबर पुरत नाही, दर्जाही बघावा लागतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत, म्हणजे त्यांच्या 1560 क्रमांकाच्या प्रकाशनात, हायपॉइड क्राऊन-पिनियनसाठी जीएल-5 सांगितलेलं आहे, कारण तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. तेच तेल गिअरबॉक्समध्ये सरसकट ओतू नये. त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा काही पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होतो. डब्यावरचा शिक्का आणि पुस्तिकेतलं पान जुळवून बघा.

आपल्याकडे तेलाचा खरा शत्रू पाणी आहे. घाट चढून तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि हवा ये-जा करायचा ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधी, चहाच्या रंगाचं झालं की ते बदलायचंच, आवाज असो वा नसो. ब्रीदरच्या तोंडातला चिखल काढायला एक तार पुरते आणि तरीही तो वर्षानुवर्षं कोणी काढत नाही.

क्राऊन खरोखर जातोही, हे नाकारायचं नाही. गेला असेल तर जोडीनेच बदलावा, कारण क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दातांमधला प्ले डायल गेजने मोजून, कंपनीने दिलेल्या मापात बसवावा लागतो, आणि ते माप मिलिमीटरच्या दशांशात असतं. हाताने हलवून "बरोबर वाटतंय" म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका. नवा क्राऊन पहिल्या दिवसापासून रडतो तो बहुतेकदा याच कारणाने.

म्हणून गाडीमालकांना कळकळीची विनंती : हौसिंग उघडायला होकार देण्याआधी ड्रेन प्लग तुमच्यासमोर काढायला सांगा. तेल बोटांत चोळून बघा. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप ही नेहमीची झीज आहे, तिला घाबरायचं कारण नाही. चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर खुशाल हौसिंग उघडा. काहीच सापडलं नाही, तर आधी टायर, हब आणि क्रॉस तपासून घ्या, आणि तोवर क्राऊनचे पैसे देऊ नका.