लाल न दिसणारी फिल्म, लाल न दिसणारा डोळा

ज्यांनी इयरफोन लावून हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी उजळणी, आणि जे बसमध्ये आवाज बंद ठेवून वाचतायत त्यांच्यासाठी पूर्ण भाग. विषय आहे डोळा. आपल्याला रंग दिसतो म्हणजे काय होतं, आकार कळतो तो कशामुळे, आणि एखाद्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नसेल तर त्याचं नेमकं किती अडतं?

उदाहरण आपल्या कोल्हापूरचंच आहे. बाबूराव पेंटर. चित्रकार माणूस, पण आधी चुलतभाऊ आनंदरावांबरोबर आणि ते गेल्यावर स्वतः खटपट करून त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवला. त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' निघाला, साल १९२०. मूकपट, अर्थात कृष्णधवल.

पण 'कृष्णधवल' म्हणजे फक्त रंग काढून टाकलेलं चित्र, असं समजू नका. त्या काळची सिनेमाची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. निळा प्रकाश ती आवडीनं टिपायची, हिरवा थोडाफार, लाल मात्र तिच्यासाठी अंधारच. (म्हणूनच असली फिल्म धुताना डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा.) परिणाम काय? कुंकू काळं, लाल ओठ काळपट, निळं आभाळ पांढरंफटक. त्या फिल्मवर तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा शेजारी ठेवून शूट केला असता तर एक वाटी डांबराची वाटली असती! आयुष्यभर रंगात विचार केलेल्या चित्रकाराला हे यंत्र हाताळायचं होतं.

आता गंमत अशी, की आपल्या डोळ्यातली एकेकटी पेशीसुद्धा त्या फिल्मसारखीच असते. तिला रंग कळत नाही. ती फक्त सांगते, 'माझ्यावर इतका प्रकाश पडला.' डोळ्याच्या पडद्यावर साधारण १२ कोटी दंडपेशी असतात, त्या अंधुक उजेडासाठी. आणि ६० लाखांच्या आसपास शंकुपेशी, त्या दिवसासाठी. शंकुपेशींचे तीन प्रकार. एक साधारण ४२० नॅनोमीटर लांबीच्या लहरींना जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपास, तिसरा ५६० च्या. शेवटचे दोन बघा, किती चिकटून आहेत! दोघांच्यात फरक जेमतेम ३० नॅनोमीटरचा, आणि लाल-हिरव्यातला सगळा भेद आपण त्या एवढ्याशा फरकावर करतो.

कसा? वजाबाकीनं. तीन प्रकारच्या पेशींचे आकडे डोळ्यातच एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्या तुलनेचा निकाल मेंदूकडे जातो. रंग म्हणजे हा निकाल. तुमच्या फोनची स्क्रीनच घ्या. तिच्यावर बहुधा पिवळा ठिपका नसतोच. लाल आणि हिरवा ठिपका एकत्र पेटतो, पेशींचे आकडे पिवळ्या प्रकाशात यावेत तसे येतात आणि आपण म्हणतो, 'पिवळं.' फसवणूक आहे, पण रोज सहा-सात तास आपण ती आनंदानं करून घेतो.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी जास्वंदीकडे बघा. फूल काळपट दिसतं, पानं त्या मानानं उजळ. त्या वेळी दंडपेशी कामाला लागलेल्या असतात आणि त्यांचं लालशी फारसं जमत नाही. म्हणजे रोज तिन्हीसांजेला आपला डोळा थोडासा १९२० ची फिल्म होतो.

पण प्रेक्षकांना 'सैरंध्री' कळला ना? भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की सेन्सॉरपर्यंत गोष्ट गेली. रंग नव्हता, लाल तर चुकीचाच उमटत होता, तरी कोण कुठं उभं आहे, कुणाचा हात कुणाच्या गळ्यावर आहे, सगळं दिसत होतं. कारण आकार, कडा, खोली, हालचाल हे आपण मुख्यतः उजेड आणि सावलीच्या फरकावरून ओळखतो. रंग त्यावर मागाहून पसरतो, तोही ढोबळ.

हे आमच्या धंद्यात रोज वापरलं जातं. तुम्ही फोनवर जो व्हिडिओ बघता, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची साठवलेली असते, रंगाची मात्र सहसा चार पिक्सेलमागे एकदाच. तीन चतुर्थांश रंग फेकून दिला तरी तुम्ही तक्रार करत नाही. मला विचाराल तर डोळ्याबद्दलचं हे सगळ्यात मोठं गुपित आहे, आणि ते आपल्या खिशातच पडलंय.

बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी १९२९ मध्ये इथंच प्रभात काढली. १९३३ मध्ये त्यांनीही 'सैरंध्री' केला, या वेळी रंगीत करायचा म्हणून. छपाई जर्मनीत झाली, पण रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पद्धत दोनच रंगांची होती, एका फिल्मवर तांबूस बाजू, दुसरीवर निळी-हिरवी. तीनऐवजी दोनच आकडे, मग काही रंग हुकणारच. ज्यांना आपण रंगांध म्हणतो, त्यातल्या काहींच्या डोळ्यात हेच असतं. तीनपैकी एक प्रकारची शंकुपेशी नसते. बाकी बहुतेकांत ती असते, पण शेजारचीशी फारच जुळते. त्या दोन चिकटलेल्या प्रकारांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून हे पुरुषांत जास्त.

त्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली. पुढं त्याच जागेत एफटीआयआय उभी राहिली. तिथं २०१५ साली संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडलेल्या एका उमेदवाराला वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व निघालं आणि प्रवेश नाकारला गेला. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयानं सिनेमातले जाणकार आणि नेत्रतज्ज्ञ यांची समिती नेमली आणि १२ एप्रिल २०२२ रोजी निकाल दिला, की रंगांधत्व आहे म्हणून तिथल्या कुठल्याच अभ्यासक्रमाचं दार बंद करता येणार नाही.

सात वर्षं, भावांनो! आणि सगळं अडलं कशावर? रंगांधत्वाच्या तपासणीत बहुतेक ठिकाणी समोर येतात ती ठिपक्यांमध्ये आकडा लपवलेली चित्रं. जपानी डॉक्टर इशिहारांनी ती १९१७ मध्ये काढली. त्यात ठिपके मुद्दाम कमी-जास्त उजळ ठेवलेले असतात, म्हणजे उजेडावरून आकडा ओळखता येऊ नये, फक्त रंगावरूनच यावा. तपासणी म्हणून हुशारीचं काम आहे. पण जगात आकार असे लपवलेले नसतात. कुठला शॉट कुठं कापायचा, चेहरा कुठल्या क्षणी वळला, हे त्या ठिपक्यांतून कळत नाही. सिग्नलच्या दिव्याचा रंग ओळखणं हे वेगळं काम आहे, तिथं नियम कडक असलेले मला पटतात. संकलनाच्या टेबलावर मात्र रंगापुरता शेजारच्याला विचारता येतं.

आमच्या टीममध्ये एकाला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. आता आमच्या स्क्रीनवर बिघाडाला नुसता लाल ठिपका नसतो, फुली असते. ठीक असेल तर बरोबरची खूण. त्याच्यासाठी केलं होतं, पण उन्हात फोन बघताना ते सगळ्यांनाच उपयोगी पडतं.

तुम्हीही फोनच्या सेटिंगमध्ये 'ग्रेस्केल' शोधून दिवसभर चालू ठेवा. रस्ता, नकाशा, मित्रांचे फोटो सगळं ओळखू येतंय का बघा, आणि कुठं अडलात ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात ती यादी घेऊन बसतो.