खरूज एकट्याची नव्हे, घराची

मूल रात्री झोपत नाही. सारखं अंग खाजवतं. आई म्हणते, "उष्णता झाली." आजी म्हणते, "रक्त बिघडलं." आम्ही म्हणतो, आधी मुलाचे हात उजेडात पाहा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती बारीक पुरळ आहे का? घरात आणखी कुणाला खाज सुटते का? तसे असेल तर ती बहुधा खरूज आहे.

खरूज होते एका बारीक किड्यामुळे. तो नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्याची मादी कातडीत बीळ करते आणि तिथेच अंडी घालते. इटलीतल्या दोघा अभ्यासकांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहिला आणि खरजेचे कारण तोच, असे सांगितले.

अंगाला अंग लागले, एका अंथरुणात झोपले, की किडा दुसऱ्याच्या अंगावर जातो. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणूस निरोगी दिसतो, पण खरूज दुसऱ्याला देतो. म्हणून एकट्या मुलाला औषध लावून भागत नाही. ते बरं झालं, तरी भावंडाकडून खरूज परत येते.

मग करावे काय? मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर बहुधा पर्मेथ्रिन नावाचे मलम देतात. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावे, खाज असो वा नसो. मानेपासून तळपायापर्यंत लावावे. सकाळी अंघोळ करावी. आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ह्या मुलाला किंवा गरोदर बाईला लावण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा.

त्याच दिवशी कपडे नि चादरी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. गोधडी धुता येत नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

औषधानंतरही खाज काही आठवडे राहू शकते. म्हणून रोज मलम चोपडू नका.

खरूज साधी म्हणून सोडू नका. खाजवून जखमा होतात, त्यांत पू धरतो. त्यातून कधी कधी मूत्रपिंडांनाही सूज येते. मुलाचे तोंड सुजले किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरूज स्वच्छ घरातही शिरते. त्यात लाज कसली? शेजारणीला सांगा, शाळेत गुरुजींना सांगा. लपवली तर ती गावभर फिरते.