पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून

ऑनलाइन दुकानात पैसे भरायचं बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं, तर पैसे कापले गेले की नाही? ग्राहकाइतकाच दुकानाचा सर्व्हरही इथे अंधारात असतो. मागणी पोहोचलीच नाही, की पोहोचून नुसतं उत्तर वाटेत हरवलं, हे त्याला कळत नाही. पुन्हा पाठवावी तर दुप्पट वसुलीची भीती, न पाठवावी तर गिऱ्हाईक गेलं. बिलिंग एपीआयसाठी कंपनीची अधिकृत लायब्ररीच वापरावी, असं मी म्हणतो ते या पेचामुळे. अमेरिकेतल्या स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीचं उदाहरण घ्या. पायथनवाल्याला ‘पिप इन्स्टॉल स्ट्राइप’ एवढी एक ओळ पुरते. ही लायब्ररी पैसे घेण्याच्या मागणीला स्वतःहून एक ओळखक्रमांक जोडते. त्याला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात. मागणी पुन्हा पाठवावी लागली तर क्रमांक तोच राहतो, आणि तो पाहून स्ट्राइपचा सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीचंच उत्तर परत देतो.

‘एवढं आम्हीही लिहू,’ असं कुणी म्हणेल. लिहिता येईल, पण ‘पैसे जमा झाले’ हा निरोप खरंच स्ट्राइपकडून आला की कुणी भामट्याने धाडला, हे सही पडताळून ठरवणंही मग आपल्याच गळ्यात येतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: परक्याचा कोड घरात का घ्यावा? २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय लायब्ररीतून बिटकॉइन चोरणारा कोड पसरला होता, त्यामुळे ही शंका पोकळ नाही. त्यावर उपाय म्हणजे लायब्ररीचं नाव अक्षर न् अक्षर तपासून घेणं, आवृत्ती पक्की बांधून ठेवणं आणि बदलांची नोंद वाचल्याशिवाय ती न वाढवणं.

मात्र ग्राहकाने बटण दोनदा दाबलं, तर लायब्ररीच्या लेखी त्या दोन वेगळ्या मागण्या ठरतात. म्हणून ओळखक्रमांक ऑर्डरच्या नंबरावरून आपणच द्यावा. रक्कमही सेंटांत लिहावी लागते: २० डॉलर म्हणजे २०००. येनला मात्र सुटे नाहीत, तिथे ५०० म्हणजे ५००च. एपीआयची गुप्त की कोडमध्ये लिहून ठेवणाऱ्याला तर कुठलीच लायब्ररी वाचवू शकत नाही. चाचणीसाठी ४२४२ हे आकडे चार वेळा लिहिलेलं खोटं कार्ड मिळतं. दुकान उघडण्यापूर्वी ते वापरून, मुद्दाम मध्येच नेट तोडून पाहा.