मालक कोण? ऊसतोडीतील सत्तासंबंध

दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात सहा दिशांचा अर्थ मानवी संबंधांच्या रूपाने उलगडला आहे. त्यांतील खालची दिशा म्हणजे 'दासकम्मकर', अर्थात राबणारी माणसे. त्यांच्याविषयी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थांत वाटा देणे आणि वेळच्या वेळी सुटी देणे. राबणाऱ्यांचीही पाच कर्तव्ये तेथे आहेत. या परस्परतेत एक गोष्ट गृहीत आहे : मालक समोर असतो, त्याला जाब विचारता येतो.

श्रमजीवनातील सत्तेचा शोध घेणारे मानवशास्त्र हे गृहीतच तपासते. अभ्यासक कामाच्या ठिकाणी राहतो, पैशाची वाट आणि नात्यांची गुंतागुंत न्याहाळतो. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा असा अभ्यास केला.

हीच दृष्टी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यासही लागू पडते. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तो ऊस पिकविणाऱ्या सभासदांचा, तोडणाऱ्यांचा नव्हे. त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू पाथर्डी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर तोडणीसाठी घर सोडतात. त्यापूर्वीच मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. ती टनामागील मजुरीतून फिटेपर्यंत मजुराला काम सोडता येत नाही. मुकादम बहुधा ओळखीचा, कित्येकदा नात्यातला असतो. म्हणून कर्जाचे बंधन उपकाराचे रूप घेते आणि विरोध कृतघ्नपणा ठरतो.

मोजण्याची भाषाही सत्तेचीच भाषा होय. पती-पत्नी मिळून 'एक कोयता' धरला जातो. व्यवहार पुरुषाशी होतो. स्त्रीचे श्रम त्या एका शब्दात लोपतात. आजारपणाने काम बुडाले तर 'खाडा' पडतो व दंड वळता होतो. जेथे शुश्रूषा हे मालकाचे कर्तव्य मानले गेले होते, तेथे आजार हाच मजुराचा अपराध ठरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

अशा वेळी जबाबदार कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम उचलीच्या हिशेबाकडे. मालक दिसेनासा होणे हेच या सत्तेचे बळ आहे. म्हणून कर्तव्यांची चर्चा करण्यापूर्वी दोन नोंदी आवश्यक ठरतात : कोयत्यामागील दोन्ही माणसांची नावे, आणि त्यांच्या श्रमाला उत्तरदायी असणाऱ्या मालकाचे नाव.