जागा घेण्याआधी मातीलाही विचारा

"साहेब, एफडी मोडायची आहे. जागा बघून ठेवलीय."

एक काका सकाळी सकाळीच शाखेत आले होते. मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, धंदा गलाईचा, तंजावरात तीस वर्षांचा मुक्काम. ठेव साडेनऊ लाखांची आणि मुदत संपायला सात महिने बाकी. जागा शहराच्या कडेला, आठ सेंट, म्हणजे साधारण साडेतीन हजार चौरस फूट. आत विहीर, एक जुनी शेड. दर शेजारच्या जागांपेक्षा बराच कमी. विकणारा आपल्याच भागातला गाववाला.

"पट्टा त्याच्या नावावर आहे, बोजा नाही. आता आणखी काय बघायचे?" काका म्हणाले.

मी विचारले, "त्या शेडमध्ये पूर्वी काय चालायचे?"

काका क्षणभर थांबले. "आपलेच काम. गलाई."

खातेदार मित्रहो, हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. जागा घेताना आपण मालक कोण, हे विचारतो. त्या जागेवर आधी काय झाले, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, मातीत काय मुरले आहे, हे फार थोडे लोक विचारतात. मोठ्या कंपन्या जमीन घेताना ही चौकशी पैसे देऊन करून घेतात. तिला जागेची पर्यावरण तपासणी म्हणतात. तिचा पहिला टप्पा तुम्ही स्वतः करू शकता.

कागद स्वच्छ असणे आणि जमीन स्वच्छ असणे

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे जागा सगळ्या बाजूंनी तपासली गेली, असा अनेकांचा समज असतो. तो दुरुस्त करून घ्या. बँकेचे वकील मालकी हक्क आणि बोजा पाहतात. मूल्यांकन करणारे बाजारभाव आणि बांधकाम पाहतात. घरकर्जासाठी विहिरीचे पाणी किंवा अंगणातली माती प्रयोगशाळेत जात नाही. ते काम खरेदीदाराचे आहे.

कायदाही तेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने खरेदीदाराला सांगितला पाहिजे. मात्र खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन जो दोष कळला नसता, अशाच दोषाला हे बंधन आहे. यातून दोन गोष्टी निघतात. जे तुम्हाला चौकशी करून कळले असते, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड. आणि जे विक्रेत्यालाच माहीत नाही, ते तो सांगणार तरी कसे? गाववाला खोटे बोलणार नाही, हे खरे असेल. पण मातीत काय आहे हे त्यालाही माहीत नसेल.

ही तपासणी सुरू कशी झाली

अमेरिकेत नायगारा फॉल्स या शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खोदलेला कालवा होता. एका रसायन कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे वीस हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा तिथल्या शाळा मंडळाला एक डॉलरला विकली. आत कचरा पुरलेला आहे, हे खरेदीखतात लिहिलेले होते. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांत आणि अंगणांत रसायने वर येऊ लागली. १९७८ मध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. १९८० साली तिथे जो कायदा आला, त्यात दूषित जागेच्या सफाईची जबाबदारी नव्या मालकावरही येऊ शकते. तेव्हापासून खरेदीआधी जागेचा इतिहास तपासण्याची रीत पक्की झाली.

या तपासणीचे टप्पे साधे आहेत. पहिला टप्पा कागद पाहणे, जागेवर फिरणे आणि माणसांना विचारणे. त्यात शंका आली तर दुसरा टप्पा, माती आणि पाण्याचे नमुने तपासणे. दोष सापडला तर तिसरा, सफाई. पहिल्या टप्प्याला बसभाडे आणि दोन-चार दिवस लागतात. तिसरा टप्पा आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून पहिला टाळू नये.

लांब जायला नको. तमिळनाडूतच राणीपेट येथे बंद पडलेल्या एका क्रोमेट कारखान्याच्या आवारात क्रोमियमयुक्त कचऱ्याचा ढीग अनेक वर्षे पडून राहिला. कारखाना बंद झाला म्हणजे त्याचे मातीतले हिशेब बंद होत नाहीत.

कागदांतून जागेचा इतिहास

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना सातबारा माहीत असतो. इथली नावे वेगळी, काम बरेचसे तेच.

पट्टा-चिट्टा: मालकाचे नाव आणि जमिनीचा प्रकार. नंजै म्हणजे पाणथळ भातजमीन, पुंजै म्हणजे कोरडवाहू, नत्तम म्हणजे आपले गावठाण, पोरंबोक्कु म्हणजे सरकारी किंवा सार्वजनिक जमीन.

अडंगल: आपल्या पीकपाहणीसारखा उतारा. गावच्या प्रशासकीय अधिकाऱ्याकडे पाहायला मिळतो. आजूबाजूला भात पिकत असताना हाच तुकडा वर्षानुवर्षे पडीक दिसला, तर कारण विचारा. कधी वारसांचा वाद असतो, कधी पाणी खारट झालेले असते, कधी जमीन पाण्याखाली जात असते.

मोजणी नकाशा आणि गाव नकाशा: जागेच्या हद्दीतून किंवा शेजारून पाट, ओढा, तळे जाते का, ते यात दिसते. एरी, कुळम, वाय्क्काल, वारी हे शब्द ओळखायला शिका. चारही शब्द पाण्याचे आहेत. तंजावरात शेवप्पनायकन वारी नावाची वस्तीच आहे. शेवप्पनायकन एरीचे पाणी बृहदीश्वर मंदिराशेजारच्या शिवगंगा तळ्यात आणण्याची सोय एके काळी होती. नाव राहते, पाणी विसरले जाते.

मंजुरी: भूखंड मंजूर आराखड्यातला आहे का, ते पाहा. मद्रास उच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०१६ रोजी शेतजमिनीवर पाडलेल्या नामंजूर भूखंडांच्या नोंदणीला रोख लावला. पुढे २०१७ च्या नियमांनी २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या भूखंडांना नियमित होण्याची वाट दिली. पण नियमित होणे वेगळे आणि तळ्याची जमीन असणे वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणात गावतळ्यावरील अतिक्रमणे हटवण्याचा स्पष्ट निर्णय दिला आहे. पाण्याच्या जागेवरचे घर कितीही खर्चून बांधले तरी ते असुरक्षित गुंतवणूकच.

तंजावर परिसरात विशेष काय पाहावे

पाण्याची वाट. हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश. मेट्टूर धरण रीतीप्रमाणे १२ जूनला उघडते, मग कल्लणैतून पाटांना पाणी सुटते आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. जागा दाखवायला मात्र बहुतेक दलाल एप्रिल-मे महिन्यात नेतात, तेव्हा सगळेच कोरडे असते. शक्य असेल तर तीच जागा कार्तिकात पाहा. ते जमत नसेल तर शेजारच्या घरांच्या भिंती पाहा. ओलीची रेघ किती उंच आहे, ती सांगते.

आधीचा धंदा. भाताची गिरणी, रेशीम रंगवण्याची शेड, पितळ ओतण्याची भट्टी, जुना पेट्रोल पंप, वाहन दुरुस्ती, बॅटरीचे काम आणि आपली गलाई. या धंद्यांत कमीपणा काही नाही. त्यांवरच घरे चालतात. पण गलाईत तेजाब लागते, सोनाराच्या मातीतून सोने काढताना शिसे लागते, आणि पूर्वी वापरलेले पाणी मागच्या अंगणात सोडायची सवय सगळीकडे होती. शिसे मातीत टिकून राहते. लहान मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक आहे.

जमिनीखालून जाणारे. या भागात तेल आणि वायूच्या वाहिन्या आहेत. कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम येथे ३० जून २०१७ रोजी शेतातून जाणाऱ्या वाहिनीतून तेल गळले होते. ज्या पट्ट्यातून अशी वाहिनी जाते, तिथे १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यानुसार घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाडही लावता येत नाही. जागेजवळ वाहिनीचे खुणेचे खांब दिसले तर आधी अंतर विचारा.

संरक्षित कृषी क्षेत्र. २०२० च्या राज्य कायद्याने तंजावर जिल्हा संरक्षित विशेष कृषी क्षेत्रात आला. चर्मालये, धातू वितळवण्याचे मोठे कारखाने, तेल-वायूचे नवे उत्खनन यांना इथे बंदी आहे. ही चांगली गोष्ट आहे. परंतु हा कायदा नवे उद्योग रोखतो, जुन्या जागेची माती साफ करत नाही. दूषित जागा शोधून त्यांची यादी करण्यासाठी केंद्राने २४ जुलै २०२५ रोजी वेगळे नियम अधिसूचित केले आहेत. संशय असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारणा करता येते.

प्रयोगशाळेत काय तपासावे

पाणी आधी. राज्याच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाच्या प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. बाटली त्यांच्याकडूनच घ्या, कारण धातूंसाठी आणि जंतूंसाठी वेगवेगळ्या बाटल्या लागतात. पंप काही मिनिटे चालवून मग पाणी भरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या काही मर्यादा लक्षात ठेवा, प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये: विरघळलेले एकूण क्षार ५००, नायट्रेट ४५, शिसे ०.०१. क्षारांसाठी दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. शिसे आणि नायट्रेटसाठी सूट नाही. धातूंची तपासणी नेहमीच्या चाचणीत असेलच असे नाही. वेगळी सांगून मागा.

माती नंतर. भट्टीची जागा, पाणी सोडायची जागा, विहिरीचा काठ येथून नमुने घ्या आणि एक नमुना दूरच्या, कधीच धंदा न झालेल्या शेतातून घ्या. या शेवटच्या नमुन्याशी तुलना केली की फरक कळतो.

पैशाचा हिशेब

साडेनऊ लाखांची ठेव मुदतीआधी मोडली आणि व्याजात एक टक्का कपात धरली, तर वर्षाला साडेनऊ हजार रुपये जातात. पाण्याची आणि मातीची मोजकी तपासणी काही हजारांत होते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी तपासणी, मग करार, ठेव सगळ्यात शेवटी. विसाराची रक्कम तातडीने द्यायचीच असेल, तर ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज घेता येते का, ते शाखेत विचारा. आणि विसारपावतीत एक ओळ लिहून घ्या: माती आणि पाण्याचा अहवाल समाधानकारक नसल्यास विसार परत मिळेल. गाववाल्याकडून असे लिहून घ्यायला संकोच वाटतो. पण लिहिलेले दोघांच्याही उपयोगी पडते. संबंध टिकवायला त्याची मदतच होते.

काकांचे पुढे काय झाले

काकांनी ठेव तशीच ठेवली. "गाववाल्याला कसे विचारू?" असे म्हणत आठवडा गेला, मग विचारले. विकणारे गृहस्थ म्हणाले, "बघा की, मला काय हरकत?" अहवाल आला तेव्हा भट्टीमागच्या मातीत शिसे शेतातल्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त होते आणि विहिरीचे पाणी पिण्याजोगे नव्हते.

काकांनी जागा घेतली नाही. ही गोष्ट एवढ्यावर संपली असती तर मी ती इथे लिहिली नसती. विकणारे गृहस्थ त्याच आवारात राहत होते. त्यांची नातवंडे त्या शेडमागे खेळत आणि घरात पाणी त्याच विहिरीचे होते. अहवालाची प्रत हातात घेऊन ते काकांबरोबर शाखेत आले आणि त्यांनी विचारले, "साहेब, मुलांचे रक्त कुठे तपासून मिळेल?"

तपासणी खरेदीदारासाठी केली होती. तिची खरी गरज दुसऱ्याच घराला होती.

व्यवहाराआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

• गेल्या तीस वर्षांत या जागेवर काय काय होते? किमान तीन शेजाऱ्यांना विचारले का?
• नकाशात पाट, तळे किंवा पोरंबोक्कु आहे का?
• अडंगलमध्ये जमीन पडीक का दिसते?
• पावसाळ्यात जागा पाहिली का?
• वाहिनीचे खांब, जुन्या टाक्या, राखेचे ढीग, उग्र वास, जळाल्यासारखे गवत दिसते का?
• पाण्यात धातूंची तपासणी झाली का?
• विसारपावतीत अहवालाची अट आहे का?
• दर कमी आहे, तो कशामुळे?

शेवटच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ठेव मोडायला शाखेत येऊ नका. नुसते विचारायला मात्र कधीही या.