विश्लेषण : भेदरलेल्या भटक्या कुत्र्याला ‘अनुभवी घर’च का लागते?

‘स्वभावाने घाबरट आहे, अनुभवी पालक हवा.’ निवारा केंद्रातल्या कुत्र्याच्या छायाचित्राखाली अशी ओळ अनेकदा दिसते. वाचणाऱ्याला वाटते, प्रेमाने दोन घास भरवले की आठ दिवसांत शेपटी हलवू लागेल. प्रत्यक्षात अशाच घाईमुळे कुत्रा पळून जातो, कुणाला तरी चावतो किंवा पुन्हा केंद्रात परततो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील भटके कुत्रे निवारा केंद्रांत हलवायचे आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावालाही त्याचा विचार करावा लागणार आहे.

घाबरट कुत्रा ओळखायचा कसा?

शेपटी पायांत, कान मागे चिकटलेले, अंग आखडलेले. माणूस दिसताच कोपरा गाठायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. ही लक्षणे सहज कळतात. काही खुणा मात्र नजरेतून सुटतात. भूक नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने पाहणे, समोर खाऊ असूनही त्याला तोंड न लावणे, हे सारे ताणाचे संकेत आहेत. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे गोठून जाणे. हात लावला तरी हलत नाही म्हणून कुत्रा ‘शांत’ समजला जातो. पण तो शांत नसतो, त्याला सुटकेचा मार्ग दिसत नसतो. पळायला वाट नाही आणि गुरगुरूनही समोरचा थांबत नाही, तेव्हा चावणे हा त्याचा शेवटचा उपाय असतो. म्हणूनच गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणे धोक्याचे. शिक्षेने भीती जात नाही, फक्त पूर्वसूचना बंद होते.

ही भीती येते कुठून?

प्रत्येक घाबरट कुत्र्याने मार खाल्लेला असतोच असे नाही. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळात जे दिसते, ऐकू येते, स्पर्शातून कळते ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते. १९६१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही पिल्ले माणसांपासून दूर, कुंपण घातलेल्या मैदानात वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांचा माणसांशी संबंधच आला नाही, ती नंतर माणसांना टाळत राहिली. शेताच्या बांधावर किंवा ओसाड घरात जन्मलेल्या पिल्लांचे तेच होऊ शकते. त्यात आईचा स्वभाव, उपासमार, आजार, अपघात आणि दगड मारणाऱ्यांचा अनुभव यांची भर पडते.

रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा मात्र असा नसतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये भटक्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाल्यावर खाऊपेक्षा मायेच्या स्पर्शाने कुत्र्यांचा विश्वास अधिक वाढल्याचे त्यात दिसले. हा निष्कर्ष माणसाजवळ येणाऱ्या कुत्र्यांचा आहे. भेदरलेल्या कुत्र्याला बळेच कुरवाळणे म्हणजे त्याच्या भीतीत भर घालणे.

निवारा केंद्रात तो सुधारत का नाही?

भुंकण्याचा अखंड आवाज, फरशीवर आपटणाऱ्या भांड्यांचा खणखणाट, रोज बदलणारी माणसे आणि लपायला जागा नसलेला पिंजरा. घाबरट कुत्र्यासाठी हे वातावरण औषधाच्या उलट काम करते. कर्मचाऱ्यांना शंभर कामे असतात, एका कुत्र्याशेजारी तासभर नुसते बसणे त्यांना जमत नाही. दत्तक घ्यायला आलेली कुटुंबे जाळीला नाक लावणाऱ्या कुत्र्याकडे वळतात, कोपऱ्यातला मागे राहतो. जितके दिवस जातात तितकी त्याची भीती मुरते.

तरीही हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. अमेरिकेतील एका प्राणिकल्याण संस्थेने २०१३ मध्ये अत्यंत भेदरलेल्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र सुरू केले. ठरावीक दिनक्रम, लहान लहान पायऱ्यांचे प्रशिक्षण, सोबतीला एखादा धीट कुत्रा आणि गरजेप्रमाणे औषधे, अशी तिथली पद्धत आहे. तिथून बाहेर पडलेल्या बहुतांश कुत्र्यांना घरे मिळाली.

‘अनुभवी पालक’ म्हणजे नेमके कोण?

आधी कुत्रा पाळलेला प्रत्येक जण नव्हे. पिल्लापासून वाढवलेला लाडका लॅब्रॅडोर सांभाळणे वेगळे आणि माणसाच्या सावलीलाही दचकणारा प्रौढ कुत्रा सांभाळणे वेगळे. कुत्र्याची देहबोली वाचता येणे, महिनोन्‌महिने काही मोबदला न मागता थांबता येणे आणि घरातल्या सर्वांना एकच नियम पाळायला लावता येणे, हा खरा अनुभव. घरात लहान मुले नसावीत किंवा ती समजदार वयाची असावीत. पाहुण्यांची सतत ये-जा नसावी. आधीपासून एखादा शांत स्वभावाचा कुत्रा असेल तर नव्याला त्याच्याकडे पाहून धीर येतो.

पहिल्या तीन महिन्यांत काय करावे?

प्राणिप्रेमींमध्ये ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तीन दिवस धक्क्यातून सावरायला, तीन आठवडे दिनक्रम समजायला आणि तीन महिने घर आपले वाटायला. भेदरलेल्या कुत्र्याला याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. सुरुवातीला एकच खोली, त्यात लपण्याची जागा, ठरलेल्या वेळी जेवण आणि पाणी. माणसाने जमिनीवर, कुत्र्याकडे पाठ किंवा कूस करून बसावे, थेट डोळ्यांत पाहू नये आणि वरून डोक्यावर हात नेऊ नये. जवळ यायचे की नाही, हे कुत्र्याने ठरवावे.

सर्वांत मोठी जोखीम निसटण्याची. अशा कुत्र्याच्या गळ्यातून नुसता पट्टा सहज सुटतो. त्यामुळे अंगाभोवती बांधायचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही वापरून दोन दोऱ्या लावाव्यात. गळ्यात मोबाइल क्रमांकाची पट्टी असावी. फाटक आणि दार यांपैकी एक कायम बंद हवे. दिवाळीचे फटाके आणि वरातीचा डीजे यांच्या दिवसांत त्याला घरातच ठेवावे. औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत, माणसांच्या गोळ्या कधीही देऊ नयेत. रेबीजविरोधी लस आणि नसबंदी आधीच झालेली असावी. तरीही कुणाला दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

कायदा काय सांगतो?

या विषयाचा एक महत्त्वाचा धडा नागपूरनेच दिला आहे. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर आधी त्यांना दत्तक घ्या, घरी न्या किंवा निवारा केंद्रात ठेवा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याला स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्यांनी कुत्रे दत्तक घेतलेच पाहिजेत, असा आग्रह धरता येणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. सक्तीने दत्तक दिलेल्या भेदरलेल्या कुत्र्याचे काय झाले असते, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली. मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे. म्हणजे ‘जमले नाही, सोडून दिला’ ही पळवाट कायद्यात नाही. नाइलाज झालाच तर कुत्रा त्याच केंद्राकडे परत सोपवणे हा सरळ मार्ग.

भिवापूर परिसरात वेगळी काळजी का?

शहरात निसटलेला कुत्रा गल्लीबोळांत, गाड्यांखाली सापडण्याची शक्यता असते. भिवापुरात घराबाहेर चार पावलांवर मिरचीची, कपाशीची शेते आणि त्यापलीकडे जंगल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे क्षेत्र भिवापूर तालुक्यातही येते. बुजलेला कुत्रा त्या दिशेने धावला तर हाका मारून परत येत नाही, कारण माणसाचा आवाज हेच त्याच्या भीतीचे कारण असते. बिबट्यासाठी कुत्रा हे सोपे भक्ष्य. उलट बाजूने, लस न दिलेले कुत्रे डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांपर्यंत पोहोचवू शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंहांच्या मृत्यूंनंतर या विषाणूची चर्चा देशभर झाली. त्यामुळे इथे रेबीजबरोबरच डिस्टेंपरची लस आणि पक्के कुंपण या दोन गोष्टी टाळता येण्यासारख्या नाहीत.

जमेची बाजूही आहे. मोठे अंगण, कमी रहदारी आणि शांत रात्री शहरातल्या सदनिकेत मिळत नाहीत. गरज पडल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाता येते.

घ्यायचा नसेल तर?

नाही म्हणणे हीसुद्धा मदतच असते. घर तयार नसताना दयेपोटी नेलेला कुत्रा दुसऱ्यांदा परतला, तर पुढच्या माणसावर विश्वास ठेवणे त्याला आणखी अवघड जाते. त्याऐवजी त्याच्या खाण्याचा किंवा औषधांचा खर्च उचलता येतो. केंद्राची परवानगी घेऊन आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी त्याच्या पिंजऱ्याजवळ पुस्तक वाचत बसता येते. महिन्याभराने त्याने कोपरा सोडून दोन पावले पुढे टाकली, तरी योग्य घर मिळण्याची त्याची शक्यता वाढलेली असते.