कांदोळीच्या आबेंपासून मँचेस्टरच्या दवाखान्यापर्यंत

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून एक पुतळा आहे. लांब झग्यातला धर्मगुरू, पुढे ताणलेले हात आणि त्या हातांखाली मागे कलंडत चाललेली एक बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत वाटतं, त्या हातांतूनच काहीतरी शक्ती वाहते आहे. शिल्प म्हणून ते विलक्षणच आहे. पण ज्याचा हा पुतळा, ते आबे (फ्रेंचमध्ये ‘धर्मगुरू’) फारिया आयुष्याच्या अखेरीस नेमकं याच्या उलट सांगत होते.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६चा, बारदेशातल्या कांदोळीचा. वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, पुढे रोमला शिकून धर्मगुरू झाले. गोव्यात एक आख्यायिका आजही सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभं राहिल्यावर तरुण फारियांची वाचाच बसली. तेव्हा जवळ बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ समोरच्या बड्या मंडळींची क्षणात भाजी झाली आणि मुलाचं तोंड उघडलं. ही कथा खरी की रचलेली हे बाजूला ठेवलं, तरी गोवेकरांनी आपल्या माणसाच्या विचाराचं मर्म त्यात अचूक पकडलं आहे: योग्य वेळी कानी पडलेला एक शब्द शरीराची अवस्था बदलतो.

ते १७८८ साली पॅरिसला पोचले, तेव्हा तिथे फ्रान्झ मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा वाद ताजा होता. वैद्याच्या शरीरातून एक अदृश्य द्रव रोग्यात जातो आणि आजार बरे होतात, हा मेस्मरचा दावा. १७८४ साली राजाने त्याची चौकशी करवली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडाला ‘चुंबकत्व’ दिलं आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडांमधून फिरवलं. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला. द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम, असा निर्वाळा देऊन समितीने विषय संपवला.

फारियांचं मोठेपण इथे आहे. कल्पनेनं माणूस खरोखर कोसळत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासायला हवी, हे त्यांनी ओळखलं. १८१३च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर प्रयोग सुरू केले. समोरच्याला खुर्चीत स्वस्थ बसवायचं, झोपेवर मन एकाग्र करायला सांगायचं आणि ठाम आवाजात आज्ञा द्यायची, ‘झोपा!’ लोहचुंबक नको, मंतरलेलं पाणी नको. झोप येते ती झोपणाऱ्याच्या मनामुळे, झोपवणाऱ्याच्या अंगच्या शक्तीमुळे नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त. पॅरिसने त्याची किंमत वसूल केली. एका नटाने झोपेचं सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली; १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारं नाटकही रंगभूमीवर आलं. २० सप्टेंबर १८१९ रोजी ते गरिबीत वारले. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला.

अशा झोपेला पुढे संमोहन म्हटलं गेलं; त्याच्या इतिहासाचं दुसरं मोठं पान बंगालमध्ये लिहिलं गेलं. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळीच्या तुरुंगातला एक कैदी अंडवृद्धीच्या उपचारांनी कळवळत होता. जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने मेस्मरची पद्धत फक्त वाचली होती, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. तरी त्याने ती करून पाहिली आणि कैद्याच्या वेदना थांबल्या. त्यानंतर हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियाही त्याने याच पद्धतीने गुंगी आणून केल्या. रुग्णावरून तासन्‌तास हात फिरवण्याचं काम त्याचे हिंदी मदतनीस करत. १८४६च्या अखेरीस कलकत्त्यात त्याला या पद्धतीचं खास रुग्णालयही मिळालं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली होती आणि वर्षभरात क्लोरोफॉर्म आलं. काही मिनिटांत हमखास गुंगी देणाऱ्या औषधापुढे ही पद्धत मागे पडली, आणि त्यात गैर काहीच नव्हतं.

‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला तो मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने, १८४३च्या आपल्या ग्रंथातून. पुढे फ्रान्समधल्या नान्सीत लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेवरच भर दिला, म्हणजे फारियांचीच वाट धरली. फ्रॉइडने संमोहन काही काळ वापरलं आणि सोडून दिलं. मग कित्येक दशकं ते जादूच्या खेळांपुरतंच लोकांना माहीत राहिलं.

ब्रेडच्याच गावात ते पुन्हा दवाखान्यात परतलं, तेही पोटाच्या दुखण्यासाठी. १९८४ मध्ये पीटर व्हॉरवेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ३० रुग्णांचा अभ्यास मांडला. सगळ्यांना तीव्र ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, आणि औषधांना दाद नाही. निम्म्यांना संमोहन दिलं, निम्म्यांना मानसोपचार आणि औषधाविना गोळी. संमोहनाच्या गटातली सुधारणा कितीतरी जास्त होती. ३० हा आकडा लहान, पण काम थांबलं नाही. २००३ साली त्याच गटाने २०४ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ७१ टक्के लोकांना सुरुवातीला फायदा झाला होता आणि या लाभलेल्यांपैकी ८१ टक्क्यांचा फायदा टिकून होता. २००८ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने, वर्षभर औषधांनी बरं न वाटलेल्या अशा रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करावा, असं मार्गदर्शन दिलं.

वेदनेच्या बाबतीतही पुरावा आला. बेल्जियममधल्या लिएज इथे १९९२पासून, जागेपुरती भूल आणि हलकं गुंगीचं औषध यांच्या जोडीला संमोहन देऊन शस्त्रक्रिया होत आहेत.

मात्र जिथे पुरावा नाही, तिथेही संमोहनाचं दुकान चालतं, आणि ते घातक आहे. संमोहित माणसाला आठवलेलं खरंच असतं असं नाही. फक्त त्याची खात्री वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच अशा आठवणी भरवशाच्या नसल्याचं म्हटलं होतं. तरी आपल्या शहरांत ‘पूर्वजन्मात नेणारी’ सत्रं भरतात, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला एक बनावट भूतकाळ हाती दिला जातो. शिवाय सगळेच सारखे संमोहित होत नाहीत. काही चटकन, बरेचसे मध्यम, काही जवळपास नाहीच.

मँचेस्टरच्या पद्धतीत डोळे मिटलेल्या रुग्णाला स्वतःचा हात स्वतःच्या पोटावर ठेवायला सांगतात. हाताची ऊब आत झिरपते आहे, आतडी संथ नदीसारखी वाहताहेत, असं त्याने मनात आणायचं. आवाजाची फीत घरी न्यायची आणि रोज आपला आपण सराव करायचा. तिथे हात ताणून समोर कुणी उभं नसतं.